सासरेबुवांची टुंग

सकाळी साडेसातला पाकीट फुटलं आणि पावणेआठला काम अडकलं. अडकलं म्हणजे कसं, तर ना पुढे ना मागे. स्क्रीनवर एकच ओळ, 'रूपांतर चालू आहे', आणि तिच्या शेवटी तीन ठिपके. ते ठिपके प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कोडवालीनेच हौसेने लावले होते, एकापाठोपाठ एक लुकलुकणारे. बघणाऱ्याला वाटावं, आत जोरात काम चाललंय. आत काय चाललं होतं ते देवाला ठाऊक.

हा छापखाना ब्रेलचा. शाई नाही, रंग नाही. जाड कागदावर ठिपके ठोकणारी दोन यंत्रं, त्यांच्याखाली आवाज दाबायला अंथरलेली जाजमं, भिंतीला लोखंडी कपाटं, आणि एका कोपऱ्यात वाचकताईंचं टेबल. छापलेलं बरोबर आहे की नाही हे बोटांनी वाचून बघणं हे ताईंचं काम. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि छापखान्यातली एकही चूक त्यांच्या बोटांखालून सुटत नव्हती. निदान सगळं वाचायला मिळायचं तेव्हा तरी सुटत नव्हती.

पाकिटात गणिताची प्रश्नपत्रिका होती. पेपर फुटू नये म्हणून परीक्षा मंडळ परीक्षेच्याच दिवशी सकाळी सील लावलेलं पाकीट पाठवायचं. मग सगळ्यांचे मोबाइल कपाटात बंद, दाराला आतून कडी, आणि कामाला सुरुवात. पाकिटातल्या पेनड्राइव्हवरची फाइल ब्रेलमध्ये बदलायची, चौदा प्रती छापायच्या, साडेनऊला गाडी सोडायची. अकराला पेपर. चौदा मुलं त्या कागदांवर बोटं ठेवायला बसणार होती. कागद पोचले नाहीत तर बसून राहणार होती, बास.

फाइल बदलायला लागायची चार मिनिटं. आज पंधरा झाली.

"काय मॅडम, आज आपल्या सूनबाई रुसल्या वाटतं?" व्यवस्थापक हसत म्हणाले. अजून हसत होते ते.

ही सूनबाई काय भानगड, ते सांगायला हवं. ब्रेलमध्ये बदलण्याचं खरं काम करायचा एक जुना प्रोग्रॅम. तो नाना नावाच्या ऑपरेटरने वीस वर्षांपूर्वी लिहिला होता. नाना निवृत्त झाले, प्रोग्रॅम राहिला. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण त्याच्या आत काय आहे ते फक्त नानांना कळायचं आणि अधूनमधून नानांनाही कळायचं नाही. मग वर्षापूर्वी कोडवाली नोकरीला लागली. तिने शहाणपणा केला. जुन्याला न छेडता त्याच्यावर नवा कोड लिहिला. आता नुसतं एक बटण दाबायचं. नवा कोड आतल्या आत जुन्या प्रोग्रॅमला हाक मारायचा, त्याच्या हातात फाइल द्यायचा, त्याचं काम आटपेपर्यंत थांबायचा, आणि मग तयार पानं यंत्रांकडे सरकवायचा. छापखान्यात लगेच नावं पडली. जुना तो सासरेबुवा, नवा तो सूनबाई. आणि ती लिहिणारी पोरगी ती कोडवाली. तिला हे नाव आवडायचंसुद्धा. आज मात्र त्या नावाचा तिला काटा टोचायला लागला होता.

तिने अडकलेलं काम मारून टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं. ठिपके लुकलुकले. तयार होत जाणारी फाइल तिने बाजूला उघडून ठेवली होती. एक पान, दोन पानं, आठ, बारा, पंधरा. बावीस पानांपैकी पंधरावं निम्मं झालं आणि गाडी थांबली. तिसऱ्यांदा केलं. पंधरावं पान, निम्मं. चौथ्यांदा करताना तिने मशीनच बंद करून चालू केलं. हे म्हणजे औषध सापडेना म्हणून पेशंटला उठवून बसवायचं तसलं काम, पण करतात सगळे. पंधरावं पान, निम्मं.

आठ वाजून पाच मिनिटं झाली.

मशीन दमलंय का ते तिने बघितलं. दमलं बिमलं काही नव्हतं! कोणता प्रोग्रॅम किती राबतोय याची यादी समोर होती. सासरेबुवा, शून्य टक्के. सूनबाई, शून्य टक्के. दोघंही ढिम्म. एखादा राबून राबून अडकला असता तर तिला इतकी भीती वाटली नसती. इथे कुणीच काही करत नव्हतं, आणि तरीही कुणी मेलंही नव्हतं. दोघंही कशाची तरी वाट बघत होते.

"ताई, नाना असताना असं कधी झालं होतं?" तिने विचारलं.

"नाना असताना नाना इथे बसलेले असायचे," ताई म्हणाल्या.

हे टोचून बोलणं होतं की नुसतंच उत्तर, ते कोडवालीला कळलं नाही. ताईंचा आवाज नेहमी सपाट असायचा. त्या टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून बसल्या होत्या, वाचायला काही नसलं की बसायच्या तशा.

दारावर थाप पडली. ड्रायव्हरकाका. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ते बाहेरूनच ओरडले, "साहेब, मधल्या पुलाचं काम काढलंय. साडेनऊच्या पुढे पाच मिनिटंसुद्धा चालणार नाहीत बरं का. मागाहून मला बोल लावू नका!"

आता व्यवस्थापकांचं हसू आटलं. ते कोडवालीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. काही माणसांना वाटतं, मागे उभं राहिलं की पुढचा माणूस लवकर विचार करतो. "काय करायचं ते करा," ते म्हणाले, "पण मला मंडळाला फोन करून 'पेपर नाही' असं सांगायला लावू नका. माझी वीस वर्षांची नोकरी आहे हो."

"तुमची नोकरी राहील," कोपऱ्यातून ताई म्हणाल्या. "त्या पोरांचं वर्ष जाईल."

मग कुणी विचारलं नसताना त्यांनी सांगितलं. त्या शाळेत असताना त्यांच्या शेवटच्या परीक्षेत ब्रेलचा पेपर आला, पण त्यातलं एक पान नव्हतं. तिसऱ्यानंतर एकदम पाचवं. त्यांनी हात वर केला. परीक्षकाने डोळसांचा पेपर बघितला, ताईंची पानं चाळली, त्याला ठिपक्यांतलं काही कळेना. तो म्हणाला, जे आहे ते लिही. ताईंनी पुन्हा हात वर केला. तो म्हणाला, शांत बस. दोन गुणांनी ताई नापास झाल्या. त्यानंतर किती तरी महिने त्या घरात सांगत होत्या की पानच नव्हतं, आणि घरचे म्हणत होते, होतं असं, पुढच्या वेळी नीट अभ्यास कर.

"म्हणून मी इथे नोकरीला आले," ताई म्हणाल्या. "पगारासाठी नाही."

या छापखान्यात येऊन ताईंचं काम हलकं केलं म्हणून कोडवालीने वर्षभर शेखी मिरवली होती. पूर्वी ताई प्रत्येक पान वाचायच्या. नव्या कोडच्या भरवशावर तिनेच नियम करून टाकला होता, दर पाचवं पान वाचलं तरी पुरे.

सव्वाआठला तिला एक युक्ती सुचली. पंधराव्या पानात काही तरी विषारी असेल तर ते एकटं काढून बघावं. तिने फाइलचे दोन तुकडे केले. पहिली अकरा पानं एका फाइलमध्ये, पुढची अकरा दुसरीत. पहिला तुकडा दिला. दोन मिनिटांत खडखडीत पूर्ण! दुसरा दिला. त्यात ते पंधरावं पानही होतं. तोही पूर्ण!

"झालं की!" व्यवस्थापकांनी टाळीच वाजवली. "दोन तुकडे तर दोन तुकडे, जोडा आणि छापा. चला चला चला!"

कोडवालीला हायसं वाटायला हवं होतं, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं. पहिला अर्धा चालतो, दुसरा अर्धा चालतो, आणि दोन्ही मिळून चालत नाहीत. म्हणजे दोष कुठल्या पानात नाहीच. मग कशात आहे? कारण कळलं नाही आणि तरी काम झालं, याची तिला अडकलेल्या कामापेक्षा जास्त धास्ती वाटली. पण आठ पंचवीस झाले होते. तिने पहिली प्रत यंत्राकडे पाठवली. खडखडाट सुरू झाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या खोलीत छापखान्यासारखा आवाज आला.

"थांबवू नका, सगळ्या चौदा सोडा," व्यवस्थापक म्हणाले.

"आधी एक प्रत मला द्या," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, वेळ कुठे आहे? दर पाचवं पान वाचायचं ठरलंय ना आपलं?"

"ते तुमचं ठरलंय."

यंत्रातून पहिलं पान बाहेर पडलं तसं ताईंनी ते चाचपडत उचललंच. दोन्ही हातांची बोटं ओळीवर ठेवली आणि डावीकडून उजवीकडे नेली. सूचना, गुण, वेळ. पहिला प्रश्न. बोटं थांबली. मागे आली. पुन्हा पुढे गेली आणि त्याच जागी थांबली.

"इथे एक घर रिकामं आहे," त्या म्हणाल्या. ब्रेलमधलं एक अक्षर किंवा एक चिन्ह म्हणजे सहा ठिपक्यांचं एक घर. "आकड्याच्या आधी. परवासारखंच."

"परवासारखं म्हणजे?" कोडवालीने विचारलं, पण विचारतानाच तिला आठवलं.

परवा विज्ञानाचा पेपर होता. अशीच सकाळ, असंच पाकीट. पण काम चार मिनिटांत झालं होतं आणि सगळे खुशीत होते. पाचवं पान वाचताना ताई म्हणाल्या होत्या, "अगं, इथे एक घर जास्तीचं रिकामं लागतंय." आणि कोडवाली दुसऱ्या यंत्रात कागद भरता भरता, वळूनही न बघता म्हणाली होती, "जागा सुटली असेल, ताई. असू दे." ताईंनी आणखी एकदा म्हटलं होतं. तिने हूं केलं होतं. बास, तेवढंच.

"छपाई थांबवा," कोडवाली म्हणाली.

"काय?" व्यवस्थापक किंचाळले. "साडेआठ झाले, डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिने स्वतःच हात लांबवून यंत्र बंद केलं. खोली एकदम चिडीचूप झाली. आणि त्या शांततेत ताईंनी विचारलं, "मला एक सांग. ती टुंग कुठे गेली?"

"कसली टुंग?"

"नानांच्या वेळी हा प्रोग्रॅम चालू असला की मधून मधून टुंग वाजायची. घंटीसारखी. टुंग झालं की नाना खुर्ची पुढे ओढायचे, पुटपुटायचे, काही तरी टाइप करायचे. तुझा कोड आला आणि तो मुका झाला. मला वाटलं, सुधारला असेल."

कोडवालीने कपाळावर हात मारून घेतला. टुंग तिनेच बंद केली होती! पहिल्याच आठवड्यात. व्यवस्थापक कुरकुरले होते, "ती कटकट जरा बंद करता येते का बघा हो," आणि तिने ती एका मिनिटात केली होती. जुना प्रोग्रॅम काम करता करता जे काही बोलायचा, ते स्क्रीनवर येऊ न देता तिने एका पाइपात सोडून दिलं होतं. पाइप म्हणजे दोन प्रोग्रॅममधली नळी. एका टोकाने एकाने बोलायचं, दुसऱ्या टोकाने दुसऱ्याने ऐकायचं. सासरेबुवांचं काम पुरतं आटपलं की सूनबाई ती नळी एकदाच रिकामी करायची आणि त्यातलं सगळं न बघता फेकून द्यायची.

तिने हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि नाना चालवायचे तसा जुना प्रोग्रॅम हाताने चालवला. मध्ये नवा कोड नाही, पाइप नाही, काही नाही. पूर्ण फाइल, बावीसच्या बावीस पानं.

टुंग.

टुंग टुंग. टुंग टुंग टुंग टुंग. व्यवस्थापकांनी कानांवर हात ठेवले. स्क्रीनवर ओळींमागून ओळी धावत होत्या, आणि प्रत्येक ओळ नानांच्या स्वतःच्या भाषेत होती, ते बोलायचे तशीच. 'ओळ ४१ मधलं हे चिन्ह माझ्या ओळखीचं नाही. तूर्त घर रिकामं ठेवलंय. छापण्याआधी बघून घ्या हो.' त्याखाली ती अख्खी ओळ. मग पुढची टुंग. 'ओळ ४४ मधलं हे चिन्ह माझ्या ओळखीचं नाही.' अशा दोनशे अडुसष्ट. आणि बाविसावं पान पुरं करून प्रोग्रॅम गुमान बंद झाला. कुठे अडकला नाही, काही नाही.

आता तिला लख्ख दिसलं. त्या पाइपात किती मावतं याला हद्द असते. सासरेबुवा बिचारे तक्रार करत होते, नळीत शब्द टाकत होते, आणि पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं. नळी गच्च भरली. पुढचा शब्द टाकायला जागा नाही म्हणून ते पंधराव्या पानावर थांबले, कुणी तरी थोडं ऐकून घेईल, मग बोलू. आणि सूनबाई काय करत होत्या? त्या म्हणत होत्या, तुमचं काम आटपू द्या, मग एकदाच ऐकते. याचं बोलणं संपत नाही म्हणून काम संपत नाही, आणि काम संपत नाही म्हणून ती ऐकत नाही. दोघंही जन्मभर तसेच बसले असते. अर्ध्या फाइलमध्ये तक्रारी अर्ध्या, त्या नळीत मावत होत्या. म्हणून तुकडे चालले. आणि परवा विज्ञानाच्या पेपरला तर थोड्याच असतील.

परवाचा विचार तिने मागे ढकलला. आत्ता नाही. आत्ता आठ चाळीस झाले होते.

"एकच चिन्ह आहे," ती म्हणाली. "सगळ्या तक्रारी एकाच चिन्हाच्या. उणे. वजाबाकीचं."

व्यवस्थापक वाकून बघायला लागले. "अहो, पण हे तर साधं उणेच आहे. मला दिसतंय की!"

"दिसायला तेच आहे, साहेब. मंडळाने या वर्षी टायपिंगचं सॉफ्टवेअर बदललं. नवं उणे मशीनला वेगळं अक्षर वाटतं. आपल्या डोळ्यांना काही फरक कळत नाही."

"माझ्या बोटांना कळला," ताई म्हणाल्या.

नानांनी चिन्हांची एक यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली होती. तीत एक ओळ वाढवायची, बास. कोडवालीने ती वाढवली, आणि वाढवताना दोनदा चुकली. मग तिने आपला कोड उघडला. काम संपेपर्यंत थांब, मग ऐक, हा हुकूम तिने खोडला. त्याजागी लिहिलं, तो बोलेल तसं ऐकत राहा, ऐकलेलं समोर दाखव, आणि त्याला दहा मिनिटांच्या वर लागली तर गप्प न राहता आरडाओरडा कर. व्यवस्थापक म्हणाले, आत्ता कोड कसला सुधारता, ते नंतर करा. पण हाताने चालवलेली पानं यंत्रांकडे पाठवायचा रस्ता त्या कोडमधूनच जात होता. आणि खरं सांगायचं तर तिला तो तसाच ठेवून एक मिनिटही बसवलं नसतं.

तिने बटण दाबलं. ठिपके लुकलुकले. सहा, नऊ, बारा, चौदा. पंधरा. सोळा. सतरा. बावीस. एकही टुंग नाही, आणि या वेळी टुंग नव्हती कारण तक्रारच नव्हती.

आठ सत्तावन्नला दोन्ही यंत्रं सुरू झाली. जमीन हादरायला लागली. ताईंनी पहिली प्रत ओढून घेतली आणि पहिल्यापासून वाचायला बसल्या, दर पाचवं बिचवं काही नाही. इकडे प्रती निघत होत्या, कोडवाली कडा जुळवत होती, शिवत होती, पाकिटांत भरत होती. तिकडे ताईंचे हात पानांवरून पळत होते आणि ओठ हलत होते. नऊ सव्वीसला त्यांनी बाविसावं पान उलटं ठेवलं.

"पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. "पाठवा."

गाडी नऊ एकतीसला फाटकाबाहेर पडली. ड्रायव्हरकाकांनी जाता जाता हॉर्न वाजवला, तो चिडून की आनंदाने ते काही कळलं नाही. व्यवस्थापक खुर्चीत पसरले. "बाई बाई बाई," ते म्हणाले, "जीव नुसता टांगणीला लागला होता. मॅडम, शाब्बास बरं का. चहा सांगतो."

कोडवाली परत स्क्रीनपुढे बसली होती. चहाचं तिच्या कानावरही गेलं नाही. मघाशी मागे ढकललेली गोष्ट आता समोर येऊन उभी होती. तिने नानांची यादी पहिल्यासारखी केली, विज्ञानाची परवाची फाइल घेतली आणि ती चालवली.

टुंग. थोड्या वेळाने टुंग. पुन्हा टुंग.

तिने मोजल्या. एकतीस. एकतीस जागी उणे गळलं होतं. शून्याखालचं पाच अंश तापमान शून्यावरचं पाच अंश झालं होतं. भिंगाच्या गणितातलं उणे अंतर अधिक झालं होतं. आणि हा पेपर पोरांनी परवाच लिहून टाकला होता. चौदा पोरांनी, जे आहे ते.

"साहेब," ती म्हणाली, "मंडळाला फोन करावा लागेल."

तिने सांगितलं तसा व्यवस्थापकांचा चेहरा पडत गेला. सांगून झाल्यावर ते खुर्ची जवळ ओढून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, कुणी तक्रार केलीय का? नाही ना? पोरांनी केली असती तर एव्हाना आली असती. आपण होऊन कशाला पायावर धोंडा पाडून घ्यायचा? तुमचं वय काय, नोकरीला जेमतेम वर्ष झालंय. पहिला हात तुमच्यावरच पडेल."

"केली असेल त्यांनी तक्रार," कोडवाली म्हणाली. "हात वर केला असेल कुणी तरी. शांत बस म्हटलं असेल. आणि इथे तर ताईंनी दोनदा केली होती, माझ्याकडे! मी ऐकली नाही. माझ्यासारखाच कोड लिहिला मी, साहेब."

ती रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. ताई उठल्या, कपाटाशी गेल्या, खालच्या कप्प्यातून विज्ञानाची उरलेली प्रत काढली आणि ती घेऊन फोनच्या टेबलाशी आल्या. एक खुर्ची ओढून बसल्या.

"लाव फोन," त्या म्हणाल्या. "मी सांगते तुला कुठे कुठे ते."

परीक्षा सुरू असल्यामुळे मंडळात सगळे घाईत. तीन जणांनी फोन फिरवला, चौथे अधिकारी भेटले. कोडवालीने आपण कुठून बोलतोय ते सांगितलं, चूक आमची आहे, माझी आहे, तेही सांगितलं. पलीकडे कागद सळसळत होते, कुणी तरी त्यांना मधूनच काही विचारत होतं.

"बरं बरं," अधिकारी म्हणाले, "असं करा, सगळं व्यवस्थित लिहून काढा, पाठवून द्या. परीक्षा संपल्या की एकदाच बघतो."

कोडवालीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"नाही साहेब. लिहून पाठवतेच, पण तुम्ही फोन ठेवू नका. परीक्षा संपेपर्यंत पेपर तपासून होतील. एकतीस जागा आहेत. मी एकेक सांगते, तुम्ही एकेक लिहून घ्या आणि प्रत्येकाला हो म्हणा. तुमचं हो आल्याशिवाय मी पुढची सांगणार नाही."

व्यवस्थापक दाराशी चहाचा कप घेऊन उभे होते, तो तसाच हातात.

"अहो बाई, मला इथे शंभर कामं आहेत," अधिकारी म्हणाले.

"मला ठाऊक आहे, साहेब. मी थांबते."

ती थांबली. ताईंचं बोट पहिल्या पानावरच्या एका रिकाम्या घरावर ठेवलेलं होतं, ते त्यांनी हलवलं नाही. दूरवर कुठे तरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, ड्रॉवर उघडल्याचा, आणि अधिकाऱ्यांनी कुणाला तरी पेन मागितलं.

"हं," ते म्हणाले. "सांगा."

"प्रश्न पहिला, उपप्रश्न तीन," ताई हळूच म्हणाल्या, आणि कोडवालीने तेच फोनमध्ये सांगितलं.

"प्रश्न पहिला, उपप्रश्न तीन. हो. पुढे?"

ताईंचं बोट पुढच्या घरावर सरकलं.